खडकावरचा कोतवाल

रानात प्रत्येक गाण्याला फांदी नेमून दिलेली होती, तेव्हाची ही गोष्ट. पहाटेचं गाणं पूर्वेच्या फांदीवर, पावसाचं शेंड्यावर, विरहाचं अगदी खाली. कुठलं गाणं कुठे बसवायचं, ते म्हातारा धनेश पक्षी ठरवायचा.

कोतवाल पक्ष्याला मात्र फांदी मिळेना. तो रानात जे ऐकेल ते आपल्या गाण्यात गुंफायचा, म्हणून सगळे त्याला हुसकायचे. तो खडकावर बसून गायचा. आपल्यालाही कुणीतरी आपलं म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

एक दिवस त्याने धनेशाला विचारलं, "आजोबा, माझी फांदी कुठली?"

"गा. ऐकून सांगतो."

कोतवाल गायला. धनेशाने मान हलवली. "ना पहाटेचं, ना पावसाचं. याला गाणं तरी कसं म्हणायचं?"

तेवढ्यात एक साळुंकी खडकावर येऊन बसली. तिचा जोडीदार हिवाळ्यात चाऱ्याला गेला, तो परतलाच नव्हता. तो तिला जशी हाक मारायचा, तशीच हाक या गाण्यात मध्येच कुठेतरी होती.

"पुन्हा म्हण ना," ती कोतवालाला म्हणाली.

"अगं, पण कुठल्या फांदीवर?" धनेश म्हणाला.

साळुंकीने ऐकायला डोळे केव्हाच मिटले होते.