डाव्या हाताने काढलेला ळ

"…पण मुलं मध्येच सोडून का देतात, बाई?"

हेरंब आजगावकरने पुन्हा तेच विचारलं.

यमुनाबाई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. गावच्या शाळेत त्यांनी सारी उमर पहिलीचा वर्ग शिकवला. हेरंब त्यांच्याच हाताखाली अक्षर ओळखायला शिकला, आणि आता त्याच शाळेत पहिलीचा शिक्षक झाला होता.

फळ्यावरच्या अक्षरात त्याचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. हे लोक म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं.

"एकदा चुकलं की पाटी पुसून गप्प बसतात," तो म्हणाला. "चिकाटीच्या गोष्टी सांगून माझं तोंड दुखलं. कासव झालं, मुंगी झाली. त्या सुगंधाला तर पेन्सिल हातात घे म्हटलं की डोळ्यांत पाणी… काल तिची आई आली होती. म्हणाली, पोरीला जमत नाही तर उगाच कशाला रडवायची? नाव काढून टाकते."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, चिकाटी हवी."

यमुनाबाईंनी एक शेंग सोलली. दुसरी सोलली.

"उद्या येते वर्गावर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर त्या आल्या. खुर्ची नको म्हणाल्या. मुलांमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

हेरंबने फळ्यावर मोठा ळ काढला. कमळातला ळ. दोन्ही गोलाई अशा, की छापल्यासारख्या.

"काढा आता," तो म्हणाला.

मुलांनी फळ्याकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. काहींनी काढलं, आणि लगेच तळव्याने पुसलं. सुगंधा मान खाली घालून बसली होती. पाटी कोरी.

"पाट्या फार स्वच्छ आहेत रे," यमुनाबाई म्हणाल्या.

"मीच सवय लावलीय," हेरंब म्हणाला. "चुकलेलं ठेवायचं नाही."

यमुनाबाई उठल्या. फळ्यापाशी गेल्या. डस्टर घेतलं आणि तो सुरेख ळ पुसून टाकला.



"हेरंब, खडू डाव्या हातात घे."

त्याला वाटलं, थट्टा आहे. तो हसला. त्या हसल्या नाहीत.

"मुलांसमोर, बाई?"

"मग कोणासमोर?"

त्याने खडू डाव्या हातात घेतला. पहिली गोलाई कशीबशी आली. दुसरी घरंगळत खाली गेली.

मुलं खदखदून हसली. हेरंबचे कान तापले. हात आपोआप डस्टरकडे गेला. पण डस्टर पुन्हा सतरंजीवर जाऊन बसलेल्या यमुनाबाईंच्या मांडीवर होतं.

"राहू दे ते," त्या म्हणाल्या. "पुढचा काढ."

त्याने पुढचा काढला.

"गुरुजी, हा चष्मा झाला!" भिवा ओरडला.

पुन्हा हशा. त्याने आणखी एक काढला. तोही फसला. मग त्याने खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि हात झटकला.

"नाही जमत, बाई. हात वळतच नाही."

बोलता बोलता तो थांबला. हे शब्द त्याने कालच सुगंधाच्या तोंडून ऐकले होते. आज सकाळीही ऐकले होते.



मुलांचं हसू केव्हाच ओसरलं होतं. सगळी गुडघ्यांवर उठून फळ्याकडे पाहत होती.

"गुरुजी, दुसऱ्या वळणाला हळू घ्या," भिवा म्हणाला.

"आणि पोट मोठं ठेवा," मागून कोणीतरी म्हणालं.

हेरंबने खडू उचलला. हळू घेतलं. दुसऱ्या वळणाला खडूच तुटला. तुकडा गडगडत सतरंजीपर्यंत गेला.

तो सुगंधाने उचलला.

ती फळ्यापाशी आली. हेरंबला वाटलं, तुकडा द्यायला आली. तिने दिला नाही. चवड्यांवर उभी राहून तिने त्याच्या ळखाली ळ काढला. तिचीही दुसरी गोलाई घरंगळली.

तिने बोटं पुसायला उचलली. वर गुरुजींच्या ळकडे पाहिलं… आणि बोटं परत घेतली. शेजारी दुसरा ळ काढायला लागली.

"तुम्ही पण काढा ना," ती त्याला म्हणाली. "थांबलात का?"

हेरंब तिच्या शेजारी उकिडवा बसला. डाव्या हातात खडूचा उरलेला तुकडा. ती एक काढी, तो एक काढी. फळ्याचा खालचा भाग वेड्यावाकड्या ळ अक्षरांनी भरत चालला. मागे पाट्यांवर पेन्सिली करकरत होत्या. पुसण्याचा आवाज कुठूनच येत नव्हता.

घंटा झाली. इतर वर्गांतली मुलं दप्तरं हलवत, आरडाओरडा करत अंगणातून पळाली.

पहिलीतलं कोणी उठलं नाही. सुगंधा जीभ दातांत धरून दुसऱ्या वळणापाशी आली होती.

हेरंबने हलकेच मागे वळून पाहिलं.

"बाई… शाळा सुटली."

"सुटली कसली?" यमुनाबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे भरलीय."