खैरबाजारची मोकळी जागा

खैरबाजारला शुक्रवारी एसटीतून उतरलात, की समोरच एक जुनी चिंच दिसते आणि तिच्या बुंध्याला खेटून वर गेलेला एक कडुलिंब. दोघांच्या फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की कोणता पाला कोणाचा हे फक्त शेळ्यांनाच कळतं. झाडाखाली चार हात लांब, चार हात रुंद अशी एक जागा झाडून, सडा घालून ठेवलेली असते. बाकी बाजारात मुंगीला शिरायला वाव नाही. कांदेवाला मिरचीवाल्याच्या पोत्याला टेकलेला, मिरचीवाल्याचे पाय बांगड्यांच्या टोपलीपर्यंत पोचलेले, आणि उन्हापायी सगळ्यांच्या डोक्यावर एकेक ओलं फडकं. सावलीची एवढी मोक्याची जागा मात्र रिकामी.

नवखा माणूस तिथे टेकायला कचरतो. देवाची जागा असेल, कुणा बड्या माणसाची असेल, उगाच बोलणी खायची पाळी यायची. तो घुटमळतोय हे दिसलं की आजूबाजूची माणसं तराजू खाली ठेवून हाका मारतात, "बसा ना जी! तुमचीच जागा आहे!" टेकला, की कुणीतरी म्हातारं माणूस जवळ येतं, त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहतं आणि विचारतं, "आले का?" बाई असेल तर, "आली का माय?" कोण, कुठचे, कोणाचे, काही नाही. जणू वाटच पाहत होते. पाहुणा बावचळतो, मागे वळून बघतो, भलत्याच कुणाला विचारलं असेल म्हणून. शेवटी "आलो" म्हणतो. म्हणावंच लागतं, कारण उत्तर मिळाल्याशिवाय ते म्हातारं जागचं हलत नाही. उत्तर मिळालं की पाण्याचा गडू पुढे येतो आणि पाण्यामागून गोष्ट येते.

गोष्ट सांगण्याचा मान दोरखंड विकणाऱ्या झिंगराजींचा. वय ऐंशीच्या पुढे. सुतळी वळता वळता सांगतात, आणि मध्येच कुणी "हे खरं का हो?" असं विचारलं तर वळलेली सुतळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून हल्ली कुणी विचारत नाही.

ते सांगतात की, फार वर्षांमागे, सडक नव्हती आणि नुसती बैलगाड्यांची चाकोरी होती, तेव्हा या बाजाराचा कारभार पुंजाजी चौधरी नावाच्या माणसाकडे होता. कोणी कुठे बसायचं हे तो ठरवी. लिंबाची एक लांब काठी घेऊन तो दिवस उगवायला बाजारात येई, जमिनीवर रेघा ओढी आणि एकेकाला रेघेच्या आत बसवी. त्याचा स्वतःचा ठिय्या चिंचेखाली, गार सावलीत.

पुंजाजीचा एक नेम होता. जागा देताना तो माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे. खालची रेघ, पाय आणि टोपली, एवढंच पाही. "तोंड पाह्यलं का भीड पडते," तो म्हणे, "अन् भीड पडली का रेघ वाकडी होते." सख्ख्या मेहुण्याला त्याने एकदा उकिरड्याच्या कडेला बसवलं होतं, म्हणे. मेहुणा दिवसभर नाक धरून गूळ विकत होता. आणि चौधरी रेघा तपासत फिरत असताना मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही, हा दुसरा नेम. अशा माणसाला लोक मानतात आणि वचकूनही असतात, तसंच पुंजाजीचं होतं.

जगाला कडक असलेला हा माणूस एका जागी मात्र लोण्यासारखा मऊ होता. ती जागा म्हणजे त्याची एकुलती एक लेक, कौतिका. तिला नदीपल्याड, तीन दिवसांच्या वाटेवरच्या गावी दिलेली होती. मग ओळीने दोन पावसाळे कोरडे गेले आणि कौतिकाच्या सासरचं सगळं गाव दाणापाण्याच्या शोधात उठलं. पुंजाजी बैलगाडी जुंपून तिकडे गेला, तर घरांना बाहेरून कड्या आणि विहिरीच्या तळाला नुसते दगड. कोण कुठे गेलं हे सांगायलाही कुणी नव्हतं. तो रिकाम्या गाडीने परत आला. पुढे तीन वर्षं लेकीची काही खबर नाही.

त्याची बायको सारजा दर शुक्रवारी त्याला म्हणे, "बाजारात चार गावचे लोक येतात. इचारत जा." तो विचारीही. विचारताना मात्र नजर त्यांच्या पायांवर. सवयच तशी पडून गेली होती.

एका शुक्रवारी बाजार गच्च भरला होता. शेवटच्या रेघेच्या बाहेर, गाड्यांच्या वाटेवर, एक बाई शिंदीच्या फड्यांचा, म्हणजे केरसुण्यांचा, भारा सोडून बसली. पदर पुढे ओढलेला, पाय भेगाळलेले, धुळीने माखलेले. ती कौतिका होती. नवरा वाटेतच तापाने गेला होता. ती परमुलखात फडे बांधायला शिकली होती आणि स्वतःचं पोट भरत होती. तिने मनाशी एक ठरवलं होतं, की मागतकऱ्यासारखं माहेरच्या दारात उभं राहायचं नाही. आधी बाबाच्या बाजारात बसायचं, आपल्या हातचं चार जणांना विकायचं, आणि दिवस कलला की बाबाच्या बरोबरीने चालत घरी जायचं. वाटेवर बसली होती, पण पोटातून इतकी खुशीत होती की उन्हाचाही तिला पत्ता नव्हता, असं सांगतात.

पुंजाजी रेघा तपासत तिथवर आला. त्याला रेघेबाहेर भारा दिसला, दोन पाय दिसले. त्याने काठी दोनदा जमिनीवर आपटली.

"उठ वं बाई. इथं बसू नोको."

कौतिकाने वर पाहिलं. बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तिला वाटलं, याने मला पाहिलं आणि पाहूनच उठवलं. पुन्हा काठी वाजली. तिने कसाबसा भारा उचलला आणि ती आल्या वाटेने निघून गेली. घाईत एक फडा मागे राहिला.

बाजार उठायच्या वेळेला हळद विकणारी भागरता पुंजाजीजवळ आली. दोन्ही हात पिवळे, तोंड उतरलेलं.

"चौधरीबुवा, लेकीले काहून उठवलं जी?"

"कोन्या लेकीले?"

"तुमच्या कौतिकाले. फडेवाली. म्या वळखलं तिले. पन तुमी रेघ पाहत होते, मंग मी कशी बोलू? मले वाटलं, तुमचं बापलेकीचं काई बिनसलं असन."

पुंजाजीच्या हातातली काठी गळून पडली. तो तसाच अनवाणी नदीच्या उतारापर्यंत धावला. तिथे तीन वाटा फुटत होत्या. एका वाटेने कोसभर गेला, परत आला, दुसरीने गेला. आठ दिवस तो गावोगाव "फडेवाली पाह्यली का" म्हणून विचारत हिंडला, पण कौतिका काही सापडली नाही. घरी आला तेव्हा सारजा एवढंच म्हणाली, "डोळे होते ना तुमाले?" पुंजाजी उंबऱ्यावर बसून लहान लेकरासारखा रडला. त्याला रडताना गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी त्याने चिंचेखालची आपली घोंगडी उचलून बाहेर टाकली. मागे राहिलेला तो फडा घेऊन स्वतः जागा झाडली, सडा घातला आणि भरल्या बाजारात उभं राहून सांगितलं, "ही जागा आता माही नाही. जो परका येईन, तो इथं बसन. अन् माही कौतिका इथं येऊन बसत नाही, तोवर मी या बाजारात सावलीले उभा राहनार नाही."

त्या दिवसापासून तो उन्हात उभा. जागेवर कुणीही परकं माणूस बसलं, की जवळ जाऊन हातभर अंतरावरून त्याचं तोंड पाही. वर्षं जातील, लेकीचं तोंड बदलेल, आपल्याला ओळखू येणार नाही, ही धास्ती त्याला होती. म्हणून तो नुसतं पाहून थांबत नसे, विचारीही, "आली का माय? आली का कौतिका?" पुढे पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग तर झुपकेदार मिशांच्या घोंगडीवाल्यालाही "आली का माय" विचारून झालं. लोक हसले. घोंगडीवाला हसला नाही. "आलो जी बाबा," म्हणाला, आणि त्याने म्हाताऱ्याचा हात धरला. तेव्हापासून परका माणूस काही न समजता "आलो" म्हणू लागला आणि दर वेळेला म्हातारा मान हलवून "बरं झालं" म्हणू लागला.

अशी नऊ वर्षं गेली. पण जो त्या सावलीत बसून गेला, त्याने पुढच्या बाजारी जाऊन ते सांगितलं. कासाराने सांगितलं, मीठवाल्याने सांगितलं, बहुरूप्याने तर दोन पदरचे शब्द घालून सांगितलं. हे बोलणं पुंजाजीच्या पायांपेक्षा फार लांब गेलं.

डोंगरापायथ्याच्या एका बाजारात एक कल्हईवाला भाता फुंकता फुंकता शेजारच्या फडेवालीला सांगत होता, की खैरबाजारला एक वेडा चौधरी आहे, परक्याला सावली देतो आणि स्वतः उन्हात उभा राहतो. फडेवालीचा हात थांबला.

"काहून देतो?"

"लेकीले चुकून उठवलं म्हन्ते. पायच पाह्यले, तोंड पाह्यलंच नाही. कौतिका का काय नाव घेते."

"अन् आता?"

"आता हातभर जवळ येऊन तोंड पाह्यते. दिसत नाही बिचाऱ्याले. तरी पाह्यते."

बाबाने त्या दिवशी आपल्याला पाहिलंच नव्हतं, हे कौतिकाला तेव्हा कळलं. नऊ वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा एका क्षणात खाली उतरला. तिने भर बाजारात भारा बांधला आणि नदीची वाट धरली.

ती खैरबाजारला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चिंचेखालची जागा रिकामी होती. बुंध्याशी एक झिजून वीतभर उरलेला फडा ठेवलेला होता आणि त्याच्या मुठीला तिच्याच हातची गाठ होती. कौतिका जागेवर बसली. काठी टेकत एक म्हातारा उन्हातून आला, वाकला आणि त्याने विचारलं, "आली का माय?"

तिने पदर मागे सारला आणि तोंड वर केलं. म्हातारा वाट पाहत उभा राहिला.

"आली बाबा," ती म्हणाली. "आता मले उठवू नोका."

पुंजाजीने काठी जमिनीत रोवली. दोन्ही हातांनी लेकीचं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, हनुवटी. आणि नऊ वर्षांनी तो सावलीत, तिच्या शेजारी, मटकन खाली बसला. एकदा शब्द गिळलेल्या भागरताने या खेपेला असा काही आवाज काढला, की सारजाला तो घरी चुलीपुढे ऐकू गेला. "सारजा वं! धाव! आली!" सारजा पिठाच्या हातांनी धावत आली. अख्ख्या बाजाराचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी कोणाच्या रेघा कुठे पुसल्या गेल्या ते कुणी पाहिलं नाही, आणि पुन्हा कुणी त्या ओढल्याही नाहीत.

रोवलेली काठी तशीच राहिली आणि पावसाळ्यात तिला पालवी फुटली, म्हणे. तोच हा लिंब. वाळल्या काठीला पालवी कशी फुटेल, असं कुणाच्या मनात आलं तर झिंगराजी नुसते हातातल्या सुतळीकडे पाहतात.

लोक पुंजाजीला म्हणाले, नवस फिटला, आता आपली जागा घ्या. तेव्हा कौतिकाच बोलली, "मी लई बाजारात उभी राह्यली जी. जागा राहू द्या."

म्हणून आजही खैरबाजारला दर शुक्रवारी चिंचेखाली सडा पडतो, शिंदीच्या फड्याने जागा झाडली जाते आणि तुमच्याआमच्यासारख्या वाटसरूला कुणीतरी विचारतं, आले का. आणखी एक गोष्ट तिथे बसल्याशिवाय कळत नाही. त्या जागेवर बसलेल्याला खैरबाजारात कोणीही "उठा" म्हणत नाही. एसटी येते, धुरळा उडतो, कंडक्टर खाली उतरून चिंचेपाशी येतो आणि हळूच सांगतो, "गाडी आली जी." मग तुम्ही पाण्याचा गडू रिकामा करून आपण होऊन उठेपर्यंत, भरलेली गाडी उभी राहते.