दगडाच्या मापाचा जोडा

जोडा चावला राजाला आणि बेड्या पडल्या चांभाराला. एवढंच नव्हे, संध्याकाळच्या आत त्याचा उजवा अंगठा छाटायचा हुकूम सुटला. अंगठा गेला की आरी धरणं गेलं, म्हणजे माणूस जिवंत राहून मेल्यासारखा. का, तर काळवीटगडावर अक्कल वापरायची चाल नव्हती!

धवलराजाच्या आजोबांनी आपल्या पावलाचा ठसा राजवाड्याच्या दारातल्या शिळेवर कोरून घेतला होता. त्याला म्हणत राजपाऊल. राज्यातली शेतं त्याच पावलानं मोजायची, जितकी पावलं तितका शेतसारा. कारभारी विसाजीपंतांनी पुढं आपल्या मनानं ठरवून टाकलं, की गादीवर कुणीही बसो, त्याचं पाऊल तेवढंच. आजोबा होते काटकुळे, नातू दुधातुपावर पोसलेला. पण हे बोलणार कोण? दरबारात सगळे मान डोलावणारे.

राजाला हौस आली बिनबंदाच्या जोड्यांची, नुसता पाय सरकवायचा आणि चालू लागायचं. दूरच्या पेठेतल्या रखमाजी चांभाराकडे स्वार गेला. त्यानं राजपावलाएवढी कापलेली काठी पुढं टाकली.

"एकदा पाय बघायला मिळाला असता तर..." रखमाजी म्हणाला.

"महाराजांचा पाय बघणार तू? जोडे शिव आणि गडावर घेऊन ये."

रखमाजी जोडे घेऊन आला, सोबत त्याची मुलगी येसू. राजानं पाय घातला, तर टाच बाहेरच. दोन हुजऱ्यांनी रेटून बसवला, तेव्हा महाराज दिवाणखान्यात लहान पोरासारखे कळवळले. पंतांनी लगेच न्याय केला. काठी चुकणार नाही, महाराज चुकणार नाहीत, म्हणजे चांभार चुकला. काय ती बुद्धी!

बापाला नेऊ लागले तशी येसू राजासमोर उभी राहिली.

"महाराज, जोडा घेऊन दारापर्यंत चला. मग खुशाल अंगठा घ्या."

राजा लंगडत दारापर्यंत आला. बाहेर सारा भरायला आलेले शेतकरी बसले होते. येसूनं जोडा शिळेवरच्या ठशात ठेवला. केसभरही फरक नाही.

"बसला की," ती म्हणाली.

"दगडाला बसला," राजा गुरगुरला. "मला कुठं बसतो?"

"मग महाराजांचा पाय राजपावलाहून मोठा आहे."

"जीभ आवर, पोरी," पंत कडाडले. "महाराजांचं पाऊल तेच राजपाऊल!"

"मग जोडा बसतोय. सोडा माझ्या बापाला."

"बसत नाही, दिसत नाही का तुला?" पंत ओरडले.

"मग पाऊल वाढलंय. आजच दवंडी पिटवा, पंत. उद्यापासून सगळी शेतं या मोठ्या पावलानं मोजा. शेत तेवढंच, पावलं कमी भरतील, साराही कमी येईल. तुम्हाला चालत असेल तर माझं काय जातंय?"

पंतांचा चेहरा पडला. एक म्हातारा शेतकरी मुंडासं सावरत उठला. "मोजायला मी येऊ का, सरकार?" त्यानं विचारलं. बाकीचे तोंडावर उपरणं धरून हसू लागले.

राजा म्हणाला, "आणि सारा आहे तेवढाच ठेवून मला जोडा बसायला हवा असेल तर?"

"तर दगड शेतासाठी ठेवा आणि पाय माझ्यापुढं करा. मोजल्यानं काही तो झिजायचा नाही."

"पण महाराज, रीत!" पंत मध्ये पडले. "या वाड्यात जोडा राजपावलाच्याच मापाचा हवा. बाहेरच्या पोरीनं सांगितलं म्हणून रीत मोडायची?"

"मोडायची कशाला?" येसूनं तोच जोडा उचलून पंतांच्या पुढ्यात ठेवला. "राजपावलाच्या मापाचा जोडा हा तयार आहे. रीत ज्यांना इतकी प्यारी, त्यांनीच तो घालावा."

सगळ्यांच्या नजरा पंतांच्या पायांकडे गेल्या. ते पाय राजाच्याही वरताण होते. राजाला असं हसू फुटलं, की भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

"घाला, पंत, घाला. आणि आज पालखी नको, चालत घरी जा!"

रखमाजीच्या बेड्या तिथंच निघाल्या. राजानं हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं आणि आपण होऊन माप द्यायला चामड्यावर पाय ठेवला. यापुढं राजाचे जोडे येसूनंच शिवायचे आणि माप घ्यायला तिला मेणा पाठवून आणायचं, असं ठरलं.

विसाजीपंत तो जोडा पायात रेटून, लंगडत लंगडत घरी पोचले, तेव्हा दिवेलागण झाली होती.