झऱ्यातल्या आसरेची ओटी

कड्याखालच्या एका वाडीत सगुणी राहायची. अंगावर ठिगळांचं परकर-पोलकं, आणि जिवापाड लाडका एक इवलासा भाऊ, बारकू. त्या बारकूला जुलाब लागले होते. त्याचे चिमुकले ओठ सुकले होते आणि सगुणी फार फार भ्यायली होती.

"झऱ्यातली आसरा कोपलीया," आई म्हणाली. "तिची वटी भराया पायजे."

आसरा म्हणजे पाण्यातली परी. वाडीत कुणी आजारी पडलं की तिच्यासाठी झऱ्यात ओटी टाकायची: खण, नारळ, हळदकुंकू, कणकेचे दिवे. वाहिलेलं परत उचललं तर आसरा पाण्यात ओढते म्हणे, म्हणून कुणी हात लावत नसे. सगळं तिथंच कुजायचं. वाडी तेच पाणी प्यायची, आणखी कुणी आजारी पडायचं, की आणखी एक ओटी. शहाणी माणसं होती बरं का सगळी.

टळटळीत दुपारी सगुणी पाण्याला गेली. झरा हिरवट, बुळबुळीत झाला होता. तिनं कळशी बुडवली, तर पाण्यातून एक ओला हात वर आला.

सगुणी दोन पावलं मागं सरली. हातामागून आसरा वर आली. मोरपंखी लुगडं, केसांत लुकलुकणारी फुलं, पण चेहरा आजाऱ्यासारखा फिकट.

"पळू नकोस, बाळे," ती हळूच म्हणाली. "एक मागणं माग. एकासाठी मागशील तर आत्ता देईन. सगळ्यांसाठी मागशील तर तुला या पाण्यात हात घालावे लागतील."

बारकूचं नाव अगदी ओठांवर आलं. पण बरा होऊन तो पिणार होता ते हेच पाणी.

"समद्यांना चांगलं पाणी दे," सगुणी रडत म्हणाली. "पन मला वढू नगंस."

तिनं डोळे मिटून हात घातले. मनगटाला काहीतरी गार, गिळगिळीत गुंडाळलं गेलं. सगुणी किंचाळली. ओढून पाहिलं, तर तो कुजका खण होता.

मग ती एकेक वस्तू काठावर काढत गेली, आणि आसरेचे गाल गुलाबी होत गेले. शेवटचा दिवा निघाला तशी तळाची वाळू उसळली, रुपेरी पाणी झुळझुळलं.

"माझी ओटी काठावर भरा," आसरा हसून म्हणाली. "पाण्यात पाणीच राहू दे." आणि सोनेरी उजेडात ती विरून गेली.

ते पाणी घोटघोट पिऊन बारकूनं संध्याकाळी भाकरी मागितली.

आई नवी ओटी घेऊन सगुणीबरोबर झऱ्यावर आली. काठावरचा ढीग पाहून ती जागीच थबकली. मग तिनं नितळ पाणी पाहिलं, सगुणीचे हळदकुंकवानं माखलेले हात पाहिले.

"पदर पसर, बाय," ती म्हणाली.

सगुणीला पदर कुठला? तिनं परकराचा घोळ पुढं धरला, आणि आईनं आसरेची ओटी लेकीच्या ओटीत घातली.