नखभर चुना

टिल्लूसर चौथ्यांदा अर्ज घेऊन नगराध्यक्ष आबासाहेब ढमढेरे यांच्यापुढे उभे होते. दवाखान्यासमोरचे झेब्रा पट्टे पुसून गेले होते आणि सरांच्या पत्नीला, उमाबाईंना, काठी टेकत रोज तोच रस्ता ओलांडावा लागे. सर भूमितीचे निवृत्त प्राध्यापक. तरी अर्जातली मापं चुकली असतील, ही धास्ती त्यांना होतीच.

“सर, रंगाला घाबरून गाडी थांबते का कुठं?” आबासाहेब म्हणाले. “रेघ ती रेघ. ती कुणाला अडवते?”

त्याच रविवारी आबासाहेबांच्या संघाचा कबड्डीचा अंतिम सामना होता. मैदान चुन्यानं आखलं होतं सरांनीच. शेवटच्या चढाईत पाहुण्या गड्याची टाच रेषेबाहेर गेलीशी वाटली, पण पंच अडखळले. आबासाहेब मांडवातून धोतर सावरत धावले, गुडघ्यांवर बसले आणि जमिनीला नाक लावून म्हणाले, “नखभर बाहेर आहे. बाद द्या.”

त्यांच्या मिशीला चुना लागला होता. बोलावं की नको, असा सरांनी दोनदा विचार केला आणि मग हळूच म्हणाले, “आबासाहेब, रेघ ती रेघ. ती कुणाला अडवते?”

सगळं मैदान हसलं. आबासाहेबांनी मांडवातल्या बक्षिसाच्या ढालीकडे पाहिलं, मग गड्याच्या टाचेकडे.

“अडवते,” ते पुटपुटले. त्याशिवाय गडी बाद होत नव्हता.

सोमवारी पट्टे रंगले. तेव्हापासून आबासाहेब स्वतः शिट्टी घेऊन तिथं बसतात. थांबायच्या रेषेपुढं चाक नखभर आलं, की गाडी बाद. ती मागं घ्यावीच लागते. उमाबाई निवांत पलीकडे जातात. सर मात्र कडेला उभे राहून बघत राहतात, तिसरा पट्टा किंचित तिरका तर नाही ना.