नाव नसलेला बाण

"यात मी कुठं हाय?" सिद्रामप्पांनी विचारलं.

मठाच्या ओसरीत भिंतीवर सहा हात लांब कागद लावला होता. वरच्या अर्ध्यात तारखांची घरं आणि त्यांतून गेलेल्या आडव्या पट्ट्या. खालच्या अर्ध्यात गोल, आणि गोलांना जोडणारे बाण. शिरीष वैराळेनं तो तीन दिवस मान मोडून काढला होता. पंचक्रोशीत असा कागद कुणी पाहिला नव्हता. शिरीषला ते ठाऊक होतं.

"हे बघा आप्पा." त्यानं फूटपट्टी टेकवली. "एकेक बाण म्हणजे एकेक काम. गोल आला की मागचं काम संपलं, पुढचं सुरू. हा बाण तुमचा. कालबूत काढणे, एक दिवस. खाली तुमचं नाव."

"म्हंजे आज."

"आज."

मठापुढच्या ओढ्यावर दगडी पूल होत होता. एकच कमान. कमान बांधताना तिच्याखाली लाकडी सांगाडा उभा करतात, तो कालबूत. दगडांमधला चुना घट्ट होईतो सगळं ओझं तो पेलतो. मग त्याच्या खालच्या पाचरी ठोकून तो सैल करायचा आणि काढून घ्यायचा. कमान तेव्हा पहिल्यांदा आपल्या बळावर उभी राहते.

किंवा राहत नाही.

सिद्रामप्पा गवंडी सत्तरी ओलांडलेले. बायको गेल्यापासून मठातच राहायचे. आयुष्यात अठरा कमानी घातल्या होत्या. शाळेत दोन वर्षं गेले होते, तेवढ्यात आकडे आले.

शिरीष इंजिनिअर, मोठ्या कॉलेजात शिकलेला. मागच्या कामाची तारीख चुकली म्हणून त्याला त्या कामावरून काढलं होतं. हे काम मिळालं तेव्हा त्यानं गावासमोर, हातात नारळ घेऊन सांगितलं होतं... यंदा मठाचा रथ पुलावरून जाईल. रथाला आता आठ दिवस होते. हीही तारीख चुकली, तर तिसरं काम त्याला कुणी देणार नव्हतं.

तो साहेब होता. आप्पांचा शिष्य नव्हता. निदान त्या सकाळी तरी.

"आन् हे तांबडे बाण?" आप्पांनी विचारलं.

"ती सगळ्यात लांब वाट. पहिल्या गोलापासून शेवटच्या गोलापर्यंत. बाकीची कामं दोन दिवस मागंपुढं झाली तरी चालतात. या वाटेवर एक दिवस चुकला, की पूलच एक दिवस चुकला."

आप्पांनी बराच वेळ कागद पाहिला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "मी हे सगळं डोक्यात धरायचो. रातीला झोप लागायची न्हाई."

शिरीषला बरं वाटलं.

आप्पांनी चुन्यानं पांढरा झालेला अंगठा एका तांबड्या बाणावर ठेवला.

"ह्याच्याखाली कुणाचं नाव हाय?"

"त्याच्याखाली नाव नाही. चुना घट्ट होणे. तिथं काम कोण करतं? कुणी नाही. नुसतं थांबायचं."

ओसरीच्या पायरीवर भीमव्वा घागर टेकून बसली होती. चुना एकदम वाळून तडकू नये म्हणून कमानीवर गोणपाट घालून ते रोज ओलं ठेवायचं काम तिचं.

"कुणी न्हाई?" ती म्हणाली. "मग मी रोज चाळीस घागरी काय वाऱ्यावर सोडते, सायेब?"

"तुमचा बाण वेगळा आहे, भीमव्वा. हा बघा, बाजूला."

"असू दे, असू दे. बाजूलाच असते मी."

आप्पा हसले नाहीत. त्यांचा अंगठा तिथंच होता.

"पयल्या दिवशी तुमी कागद लावला, तवा मी ह्याची घरं मोजली. अठ्ठावीस होती. आता एकोणीस हायत."

शिरीषनं फूटपट्टी खाली घेतली.

झालं होतं असं. कमानीचा मधला दगड, कळीचा, घडवताना चिरला. दुसरा आणून घडवेपर्यंत नऊ दिवस गेले. तांबड्या वाटेवरचे नऊ दिवस. शिरीषनं कागद पुन्हा काढला. ते नऊ दिवस कुठून तरी काढायचे होते. पाथरवटांचे दिवस कापावेत तर पाथरवट अंगावर आले असते. सुतार तर आधीच फुरंगटून बसला होता. फरशीवाल्यांचे कापावेत तर त्यांनी जास्त माणसं मागितली असती.

एकच बाण असा होता, की जो कापल्यावर कुणी भांडायला येणार नव्हतं.

"नऊ दिवस तिथून घेतले," शिरीष म्हणाला. "घ्यावेच लागले."

"कुणाला इचारून?"

"कुणाला विचारणार? तिथं कुणी नाहीच ना."

"मग घाई कर म्हणून सांगितलं कुणाला?"

"आप्पा, मी पण शिकलोय थोडंफार," शिरीषचा आवाज चढला. "अठ्ठावीस म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. त्यात थोडं हातचं राखलेलं असतं. वरून चुना खडखडीत वाळलाय, मी स्वतः ठोकून पाहिलंय. आणि आज कालबूत निघालं नाही, तर फरशी आणि कठडा रथाच्या आत होत नाही."

"व्हय."

"मग?"

"मग काय? काम तुमचं. तुमी सांगा."

शिरीषनं कागदाकडे पाहिलं. मग ओढ्याकडे. खाली चार माणसं दोर आणि वासे घेऊन उभी होती.

"काढा," तो म्हणाला.

"बरं."

आप्पांनी डोक्याचा पटका सोडला. नीट घडी केली आणि भीमव्वाच्या मांडीवर ठेवली. वहाणा काढल्या. कोपऱ्यातला घण उचलला आणि पायऱ्या उतरले.

भीमव्वा त्या घडीकडे बघत राहिली.

ओढ्यात पोचल्यावर आप्पांनी चौघांना हातानं लांब जायला सांगितलं. पार पलीकडच्या काठावर. आणि एकटेच वाकून कमानीखाली गेले.

शिरीष मागोमाग धावला.

"आप्पा! तुम्ही कशाला आत? कुणीतरी जवान माणूस..."

"बाणाखाली माझं नाव हाय."

"पण बाहेरून नाही का ठोकता येत?"

"पाचर आतच असती, सायेब. कागदावर दिसत न्हाई ती."

शिरीषही वाकून आत शिरला. कमानीखाली गारवा होता. डोक्याच्या वर हातभर अंतरावर लाकडं, आणि लाकडांच्या फटींतून दिसणारे दगड. आप्पा पहिल्या पाचरीपुढं बसले. दोन्ही पाय घट्ट रोवले. घण खांद्यापर्यंत नेला.

त्यांनी शिरीषकडे पाहिलं नाही. घाई केली नाही. ज्याला काम सांगितलंय तो माणूस जसं काम करतो, तसं ते करत होते.

शिरीषचं लक्ष वरच्या सांध्याकडे गेलं. दोन दगडांमधली चुन्याची पांढरी रेघ. बाहेरून त्यानं ठोकून पाहिली होती ती हीच रेघ.

त्याच्या खिशात तांबडी पेन्सिल होती. सगळ्यात लांब वाट ज्या पेन्सिलीनं काढली, तीच. त्यानं ती काढली आणि टोक सांध्यावर टेकवून दाबलं.

वरची पापडी तडकली.

पेन्सिल आत गेली. एक बोट... दोन बोटं... ताज्या लोण्यात जावी तशी.

त्यानं ती बाहेर ओढली. टोकाला ओला चुना होता. गार.

"थांबा!"

घण जिथं होता तिथंच राहिला.

"कुणाला सांगताय?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हाला."

"मी कवाचा थांबलेलाच हाय की."

आप्पांनी घण खाली ठेवला.

त्याच सकाळी शिरीष पंचांकडे गेला. चनबसप्पा पंच पारावर बसले होते. आणखी सात-आठ जण होते. त्यानं उभ्यानंच सांगितलं. चुन्याला अजून नऊ दिवस लागतील. रथ पुलावरून जाणार नाही. चूक चुन्याची नाही, माझी.

"म्हंजे रथ वढ्यातनंच," चनबसप्पा म्हणाले. "आमच्या आज्यापणज्यानं न्हेला तसा. मग सायेब, तेवढ्या लांब कागदात लिवलं तरी काय व्हतं?"

पार हसला. एकजण म्हणाला, नारळ तरी परत घ्या साहेबांकडनं. पार पुन्हा हसला.

शिरीष मान खाली घालून ऐकत राहिला. हसणं संपलं तेव्हा म्हणाला, "रथासाठी ओढ्यातली वाट उद्या साफ करून देतो. माणसं आहेत माझ्याकडं." आणि वळला.

ओसरीत येऊन त्यानं भिंतीवरचा कागद उतरवला. जमिनीवर अंथरला. चुन्याचा तांबडा बाण खोडला आणि पुन्हा काढला, पहिल्याइतका. अठ्ठावीस घरं. पुढचे सगळे गोल सरकले. कठड्याचे दगड मधल्या दिवसांत घडवून ठेवता येतील, हे आता दिसलं. तेवढे चार दिवस वाचले. तरी रथाचा दिवस मागं राहिला तो राहिलाच.

दुपार झाली. भीमव्वा घागर घेऊन दोनदा गेली, दोनदा आली.

आप्पा पटका बांधून खांबाला टेकले होते. डोळे मिटलेले.

शिरीषची पेन्सिल बाणाच्या खाली येऊन थांबली.

"आप्पा."

"हं."

"इथं नाव कुणाचं लिहू?"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"आप्पा, काम नसलं की मला चैन पडत नाही. उद्या पंच येतील, परवा आणखी कोणी येईल. म्हणतील, आता वाळला असेल, काढून टाका. मलाही वाटेल तसं." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "हे नऊ दिवस मी करू तरी काय?"

आप्पांनी डोळे उघडले. शेजारचा घण दोन्ही हातांनी उचलला आणि कागदावर, त्या बाणाच्या शेजारी, हळूच ठेवला.

"ह्यो तुमच्यापाशी ठेवा," ते म्हणाले. "कुणी मागितला तर द्यायचा न्हाई..."

शिरीषनं घणावर हात ठेवला. आप्पांनी पुन्हा डोळे मिटले.

"तुमी सोता मागितला तरी."