आठवा पाळणा

पूर्वी चंपानगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुताराच्या कुळात जन्मला होता. त्याचे पाळणे पंचक्रोशीत नावाजलेले होते आणि त्याचे सर्वांत भरवशाचे गिऱ्हाईक म्हणजे सोणक नावाचा गृहस्थ.

सोणकाची बायको सामा दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिले मूल पोटातच गेले होते. त्यामुळे सोणकाच्या छातीत धस्स झाले की तो पाळणा विकत आणी. मग दोन दिवस बरे जात. तिसऱ्या दिवशी कुठेतरी कुत्रे रडे आणि तो पुन्हा सुताराच्या दारात. घरात सात पाळणे झाले. सामा पाळण्यांमधून अंग चोरून चुलीपर्यंत जाई. शेजारीण म्हणे, "अगं, एवढी पिल्लं आमच्या मांजरीलाही होत नाहीत!" सातव्या पाळण्यापायी शेतातला बैल सुताराकडे गेला.

एका सकाळी सोणक दुभती गाय ओढत आला.

"आठवा हवा. शिसवी, पितळी कड्यांचा. ही गाय घे."

असा सौदा कोणता सुतार सोडील? पण बोधिसत्त्वाने विचारले, "आज काय झालं रे बाबा?"

"पहाटेपासून बाळ हललं नाही, म्हणते सामा."

"मग तिच्याजवळ कोण आहे?"

"पाळणे आहेत."

बोधिसत्त्वाने हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. "चल. गाय घेऊनच चल."

वाटेत त्याने सुईणीला हाक मारली. घरी सामा पोटाला हात लावून एकटीच बसली होती. सुईणीने तिला कुशीवर निजवले. बोधिसत्त्वाने सोणकाला धार काढायला लावली. कोमट दूध आणि गूळ सामाच्या पोटात गेले. सोणकाला तिच्याशेजारी बसता यावे म्हणून दोन पाळणे अंगणात काढावे लागले. सुईणीने त्याचा हात पोटावर ठेवला.

बराच वेळ काही झाले नाही. सोणकाची नजर दाराकडे वळली.

"बसा हो इथेच," सामा म्हणाली.

तो बसला. आणि तळहाताला आतून सणसणीत लाथ लागली.

"बाप सुखानं झोपूही देत नाही लेकराला," सुईण म्हणाली.

बोधिसत्त्वाने सहा पाळणे परत नेले आणि बैल आणून दाव्याला बांधला.

ही कथा भिक्खूंना सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाचा सोणक म्हणजे पुढच्या दुष्काळाच्या धास्तीने अकरा भिक्षापात्रे जमवून बसलेला हा आपला भिक्खू. सामा म्हणजे त्याला रोज भात वाढणारी उपासिका. सुईण तिची सासू झाली आहे, जीभ तीच. सुतार तो मीच."

भ्यालेल्याला माल न विकता सोबत देणे, याला करुणा म्हणतात. धंदा तिने वाढत नाही.